ओळखीच्या माणसांचे दशक

1098 हा क्रमांक आजही लागतो. 1996 साली टाटा समाजविज्ञान संस्थेच्या आधाराने मुंबईत सुरू झालेली ही चाइल्डलाइन 2023 मध्ये स्वयंसेवी संस्थांच्या हातून काढून महिला व बालविकास खात्याकडे सोपवली गेली आणि 112 ला जोडली गेली. सरकारने जबाबदारी घ्यावी ही मागणी आमचीच होती. पण ती घेताना वर्षानुवर्षे वाड्यावस्त्या तुडवलेल्या कार्यकर्त्यांना निरोप द्यायची काय गरज होती? ही गोष्ट मला अजून लागते, आणि म्हणूनच रायगड जिल्ह्यातल्या पेण-रोह्याच्या मागच्या वर्षांचा हा हिशोब.

फार मागे जात नाही. 1924 चा मुंबई बालक कायदा, 1975 ची एकात्मिक बालविकास योजना, 1986 चा बाल न्याय कायदा हे सगळे झाले. आमच्या कातकरी वाड्यांना त्यातली अंगणवाडी तेवढी दिसली, तीही उशिरा. नव्वदच्या दशकात मुलांसाठी खरे काम केले ते मुलांचे नावही न घेणाऱ्या संघटनांनी. सुरेखा दळवींची श्रमिक क्रांती संघटना आणि उल्का महाजनांचे सर्वहारा जन आंदोलन दळी जमिनीसाठी, रेशनसाठी, वेठबिगारीविरुद्ध भांडत होते. पेणमध्ये वैशाली पाटलांचा अंकुर ट्रस्ट आदिवासी बायकांबरोबर उभा होता. ज्या घराला जमिनीचा तुकडा मिळाला त्या घरातले मूल वीटभट्टीवर जायचे टळण्याची थोडी तरी आशा होती. बालहक्कांच्या कुठल्याही कार्यशाळेपेक्षा मी या लढ्यांना जास्त मानतो.

माझे दशक 2010 ते 2020. एका मागोमाग एक कायदे आणि योजना आल्या. 2009 ची एकात्मिक बाल संरक्षण योजना, एप्रिल 2010 पासून शिक्षणहक्क, 14 नोव्हेंबर 2012 पासून पोक्सो. मध्येच 2011 मध्ये आमच्याच जिल्ह्यात, कळंबोलीच्या बालगृहात, मतिमंद मुलींवर झालेले अत्याचार उघडकीला आले आणि संस्थेच्या पाटीवर विसंबणाऱ्या आम्हा सगळ्यांची झोप उडाली. मग 2014 च्या शासन निर्णयाने गावोगाव ग्राम बाल संरक्षण समित्या आल्या. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सचिव, सोबत पोलीसपाटील, आशा, मुख्याध्यापक आणि गावातली मुलेही.

बहुतेक गावांत ही समिती ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच राहिली. जिथे चालली तिथे ती माणसांच्या ओळखीवर चालली. दसरा झाला की सेविका वाडीत फिरायची. कोणत्या घराने शेठकडून उचल घेतली, कोण पेणच्या भट्टीवर जाणार, कोण पनवेलला, कोण थेट कर्नाटकात कोळसा पाडायला, हे तिला तोंडपाठ असे. ती यादी शाळेत जाई. गुरुजी शिक्षण हमी पत्रक देत आणि भट्टीजवळच्या शाळेच्या गुरुजींना स्वतः फोन करत. ठाण्यात विधायक संसद या संस्थेने भट्टीवरच्या भोंग्यांत, म्हणजे झोपड्यांत, भोंगाशाळा चालवून दाखवल्या होत्या, त्यामुळे भट्टीवर शाळा भरू शकते हे कोणाला पटवावे लागत नसे. हंगामी वसतिगृहासाठी आजी सापडली तर मूल गावात राही. बालविवाहाची कुणकुण लागली तर सेविका ग्रामसेवकाला गाठे, कारण कायद्याने प्रतिबंधक अधिकारी तोच. बीटचा हवालदार ओळखीचा असला तर तो साध्या कपड्यांत जाऊन बोलून येई आणि मांडव पडायच्या आधीच प्रकरण थांबे. कातकऱ्यांच्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोरींची अशी थांबलेली लग्ने कुठल्याच अहवालात आली नाहीत. घडलेले मोजता येते. टळलेले मोजणारा रकाना अजून कोणी काढलेला नाही.

त्या काळातल्या एका भांडणाचा राग मात्र आजही माझ्या मनात आहे. तालुक्याच्या बैठकीत एका अधिकाऱ्याने ऐकवले होते, हे लोक पोरांकडे लक्षच देत नाहीत. पहाटे तीनला उठून चिखल तुडवणारी बाई तान्ह्याला भोंग्यात पाच वर्षांच्या बहिणीच्या भरवशावर सोडते, तेव्हा तिचे लक्ष कुठे असते हे त्याने कधी विचारले नाही. उचल फिटेपर्यंत आठवड्याच्या खर्चीवर जगणाऱ्या घराला निष्काळजी म्हणायचे आणि उचल देणाऱ्या मालकाला बैठकीला बोलवायचेही नाही, हा अन्याय तेव्हा होता आणि आजही आहे. वेठबिगारीविरुद्धचा कायदा 1976 चा. बाल संरक्षणाच्या बैठकीत त्याचे नाव निघत नसेल तर ती बैठक अर्धवटच.

ते दशक 2020 मध्ये संपले. जुलैमध्ये रोहा तालुक्यात एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. डिसेंबरच्या अखेरीस पेणमध्ये तीन वर्षांच्या आदिवासी मुलीचे तेच झाले. मोर्चे निघाले, मेणबत्त्या लागल्या, मंत्री येऊन गेले. डिसेंबर 2021 मध्ये विधिमंडळाने अशा गुन्ह्यांसाठी फाशीची तरतूद असलेले शक्ती विधेयक मंजूर केले, पण राष्ट्रपतींची मंजुरी काही मिळाली नाही. फाशी, फाशी, एवढाच आवाज तेव्हा होता. 2020 मध्ये शाळा बंद होत्या, गृहभेटी विस्कटल्या होत्या आणि मुलांवर लक्ष ठेवणारी सगळी माणसे घरात होती, हे बोलायला कोणी तयार नव्हते. शिक्षा झालीच पाहिजे. पण शिक्षेची वेळ येते तेव्हा मूल गेलेले असते, आणि आमचे सगळे काम त्याच्या आधीचे होते.

पुढची वर्षे मला सांगवत नाहीत. 2021 मध्ये मोबाइलवर नोंदी भरायचा पोषण ट्रॅकर आला, सेविकांनी निकृष्ट मोबाइल परत केले, तरी ट्रॅकर राहिलाच. डिसेंबर 2023 मध्ये त्या संपावर गेल्या, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत अंगणवाड्यांना कुलूप होते आणि मागणी होती जगण्यापुरत्या मानधनाची. जुलै 2025 पासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहऱ्याची ओळख पटवणे सक्तीचे झाले. भट्टीवर गेलेल्या आईचा चेहरा वाडीत कुठून आणायचा? जी बाई पूर्वी घरात डोकावून पोराच्या अंगावरचा वळ पाहायची, ती आता रेंज शोधत टेकाडावर उभी असते.

समित्या मात्र वाढत गेल्या. 2022 मध्ये शाळांसाठी सखी सावित्री समिती आली. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाले तेव्हा कळले की कितीतरी शाळांत ती नेमलेलीच नव्हती. तालुका बाल संरक्षण समितीचा अध्यक्ष पंचायत समितीचा सभापती; पण 2022 च्या मार्चमध्ये पंचायत समित्यांची मुदत संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षे प्रशासकच कारभार पाहत राहिले. जिल्हा बाल संरक्षण कक्ष अलिबागला. रोह्याच्या डोंगरातल्या वाडीतून तिथे पोचायचे तर एका दिवसाची मजुरी बुडते, आणि फोन केला तर उचलणाऱ्याला वाडी कुठे आहे हे पहिल्यापासून सांगावे लागते.

दिवाळीनंतर भट्टीवर नेणारे टेम्पो लागतील. त्याआधी पेण आणि रोहा या दोन्ही तहसीलदारांनी एक बैठक लावावी. सेविका, गुरुजी, ग्रामसेवक, बीटचा पोलीस, संघटनांचे कार्यकर्ते यांना बोलवावे, आणि भट्टीमालकांना नोटीस काढून बोलवावे. वाडीवार यादी त्यांच्यासमोर वाचावी, आणि प्रत्येक मुलाच्या नावापुढे ते हंगामभर कोणाच्या नजरेखाली राहील त्या माणसाचे नाव लिहावे. यासाठी नवा कायदा लागत नाही. आम्ही हे केलेले आहे.