आत्मोन्नति आणि आनंदीबाई

आत्मोन्नतीच्या पुस्तकांची आवड आजची नव्हे. स्वतः झटून स्वतःची उन्नति कशी करावी हें सांगणारें सॅम्युएल स्माइल्सचें पुस्तक १८५९ सालीं इंग्लंडांत निघालें. पहांटे उठावें, वेळ दवडूं नये, पैशाचा हिशेब ठेवावा, हे उपदेश तेव्हांपासून शेंकडों ग्रंथांतून होत आले आहेत. ते वाईट आहेत असें कोण म्हणेल? परंतु पहांटे उठून करावयाचें काय, याचें उत्तर त्यांत क्वचितच सांपडतें. आपल्या मोहन्यापासून जवळच, कल्याणांत वाढलेल्या एका मुलीच्या चरित्रांत तें पाहावयास मिळतें.

यमुनेचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षीं टपाल खात्यांतील गोपाळराव जोशी यांच्याशीं लग्न होऊन ती आनंदीबाई झाली. पति वयानें सुमारें वीस वर्षांनीं वडील. बायकोस शिकविण्याचें त्यांना वेड होतें, आणि वेड हाच शब्द येथें योग्य. कारण ते तिला लहानपणीं मारीत, हें तिनें पुढें अमेरिकेहून त्यांसच लिहिलें आहे. मुलांच्या अभ्यासाचीं वेळापत्रकें भिंतीवर लावणाऱ्या पालकांनीं हा भाग दोनदां वाचावा. मुलगी शिकली खरी, परंतु ती हौस दुसऱ्याची होती.

चौदाव्या वर्षीं तिला मुलगा झाला आणि तो अवघे दहा दिवस जगला. त्या काळीं बायका आपलें दुखणें पुरुष डॉक्टरास सांगण्यास लाजत, आणि स्त्री-डॉक्टर तर नव्हतीच. तेथून पुढें तिचें शिकणें तिचें स्वतःचें झालें.

गोपाळरावांनीं एका अमेरिकन मिशनऱ्यास लिहिलेलें पत्र तिकडील मासिकांत छापून आलें होतें. मदतीच्या बदल्यांत ख्रिस्ती होण्याची त्या गृहस्थाची सूचना त्या दोघांनीं मानली नाहीं. (मिशनच्या शाळेनें ही गोष्ट झांकून ठेवूं नये.) तेंच पत्र न्यू जर्सींतील रोझेल गांवच्या कार्पेंटरबाईंनीं दंतवैद्याकडे बसल्या असतां वाचलें, आणि कसलीही अट न घालतां एका अनोळखी मुलीस पत्र धाडलें. २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं बंगालमधील सेरामपूर येथें आनंदीबाईंनीं भरसभेंत इंग्रजींत सांगितलें कीं, हिंदुस्थानास स्त्री-डॉक्टर हव्या आहेत म्हणून मी जातें, आणि हिंदु म्हणूनच परत येईन. एप्रिलमध्यें त्या कलकत्त्याहून निघाल्या.

फिलाडेल्फियाची थंडी व परकें अन्न त्यांस मानवलें नाहीं. तरी ११ मार्च १८८६ रोजीं पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता हिंदूंचें प्राचीन प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्रीविभाग त्यांच्याकडे यावयाचा होता, परंतु क्षयानें तो योग येऊं दिला नाहीं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्या निवर्तल्या; बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं.

स्माइल्सच्या मापानें पाहिलें तर हिशेबाच्या वहींत जमेस कांहींच नाहीं. कार्पेंटरबाईंना मात्र तसें वाटलें नसावें. त्यांच्याकडे अस्थि पाठविण्यांत आल्या, आणि न्यूयॉर्क प्रांतांतील पोकीप्सी येथें त्यांनीं त्या आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत, आपल्या माणसांच्या शेजारीं ठेविल्या.