टेबलावरची छोटी डबी आणि घरचे स्टेक

मैत्रिणींनो, जेवणं झाली की तुमच्याकडे दातकोरण्याची शोधाशोध होते का? आमच्याकडे दर रविवारी व्हायची. रविवार म्हणजे मटण, आणि मटण म्हणजे दातांत अडकलेले दोरे! हात धुतले की ह्यांची नजर काड्यापेटीकडे आणि धाकट्या भावोजींची माझ्या बांगडीतल्या सेफ्टी पिनेकडे. सासरे मात्र कुणाला काही न मागता उठायचे, मोरीत जाऊन बराच वेळ चुळा भरायचे. पुढे पुढे तर ते म्हणू लागले, “मला नुसता रस्साच वाढ. फोडी नकोत.” मी समजले, वय झालं, पचत नसेल.

मग आमच्या पाचवीतल्या लेकीने मोबाईलवर कुठलीशी कृती पाहिली आणि वाढदिवसाला फर्माईश केली, “आई, घरी स्टेक कर!” आजोबा लगेच म्हणाले, “मला वरण-भात चालेल हं.” लेक कसली ऐकते! “आजोबा, तुम्हाला मटण आवडत नाही का आता?” तेव्हा ते हळूच म्हणाले, “आवडतं गं. पण दातात अडकतं. चारचौघांत तोंडात बोट घालायला बरं वाटत नाही.”

शाळेत मी मुलांना चौरस आहार शिकवते, आणि माझ्याच घरात एक माणूस लाजेपोटी अर्धपोटी उठत होतं! त्या आठवड्यात मी दोन गोष्टी केल्या. टेबलावर दातकोरण्यांची डबी आणली आणि दातांत अडकणार नाही असं मटण करायला शिकले. दोन्हींचा अनुभव तुम्हाला सांगते. शाकाहारी मैत्रिणींनो, पान उलटू नका बरं! मक्याचं कणीस, पेरूच्या बिया आणि रायवळ आंब्याच्या केसरांनी कुणाला सोडलंय?

डबी घेताना

दातकोरणं ही काही नवी चैन नव्हे. आपल्या जुन्या घरांतून एकाच कडीत ओवलेलं चांदीचं दातकोरणं आणि कानकोरणं असे. पोर्तुगालमध्ये काड्या खोचायला चांदीचे नक्षीदार स्टँड मेजावर मांडत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत चार्ल्स फॉर्स्टर यांनी यंत्रावर काड्या बनवायला सुरुवात केली, आणि ही वस्तू घरोघरी गेली.

दुकानात गेलात की गोंडस आकाराला भुलू नका. मी आधी एक चिनी मातीचा ससा आणला होता. काड्या उघड्याच उभ्या राहायच्या. एक घ्यायला गेलं की चार बोटांना लागायच्या, आणि दोन्हीकडे टोक असलेली काडी म्हणजे एकाने हात लावलेलं टोक दुसऱ्याच्या तोंडात! शिवाय पावसाळ्यात काड्यांवर बुरशी धरली. ससा आता शोकेसमध्ये बसला आहे.

म्हणून या गोष्टी पाहून घ्या :

झाकणाला भोक असावं, आणि डबी तिरपी केली की एकच काडी बाहेर यावी. दुकानातच करून पाहा. भोक मोठं असेल तर मूठभर काड्या ताटात पडतात.

काडी साधारण साडेसहा सेंटिमीटर लांब असते. डबी तेवढी उंच हवी, नाहीतर झाकण लागत नाही.

बूड जड आणि रुंद असावं. हलकी डबी मुलांच्या धक्क्याने कलंडते, आणि खाली पडलेल्या काड्या पायात जातात.

तोंड असं रुंद असावं की आत बोट घालून घासता येईल. स्टील किंवा काच उत्तम. लाकडी डबी दिसते छान, पण धुतल्यावर लवकर वाळत नाही.

काड्या एकदम शंभर भरू नका. आठवड्यापुरत्या भरा. डबी रिकामी झाली की धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून मगच पुन्हा भरा. डबीशेजारी एक छोटी वाटी ठेवा. वापरलेली काडी मोडून त्यात टाकायची, म्हणजे ती पुन्हा कुणी उचलत नाही. ती खरकट्यात मात्र जाऊ देऊ नका. खरकटं गाईगुरांच्या तोंडी जातं आणि टोकदार काडी त्यांना इजा करते.

घरचे स्टेक

स्टेक हा मूळचा गोमांसाचा पदार्थ. पाश्चात्त्य देशांत तो तसाच होतो आणि गोव्यातल्या ख्रिस्ती घरांनाही तो परका नाही. मी मात्र आपल्या नेहमीच्या बकऱ्याच्या मटणाचे केले. हॉटेलसारखे झाले असं म्हणणार नाही, पण आजोबांनी दोन खाल्ले!

सगळी गोम कापण्यात आहे. उसाची लांब कांडी सोलून चावली की चोथ्याचे धागे दातांत बसतात. तोच ऊस आडवा कापून करवे केले की धागा तोकडा होतो. मटणाचंही तसंच. दोरे कोणत्या दिशेने जातात ते पाहायचं आणि त्यांना आडवं कापायचं. मटणवाल्याला सांगा, “मागच्या मांडीचं, हाड काढून, दोऱ्यांना आडवे, अर्धा इंच जाड काप द्या.” गर्दीच्या वेळी तो ऐकणार नाही. सकाळी लवकर जा.

साहित्य : अर्धा किलो मटणाचे काप, सालीसकट किसलेली कच्ची पपई 1 मोठा चमचा, आले-लसणाचं वाटण 2 लहान चमचे, भरडलेली मिरी 1 लहान चमचा, अर्ध्या लिंबाचा रस, मीठ, 2 मोठे चमचे तेल, थोडं लोणी, 1 कांदा.

कृती : काप पाटावर ठेवून वरवंट्याने हलके ठोका. चिंधड्या करायच्या नाहीत, फक्त दोरे सैल व्हायला हवेत. पपई, वाटण, लिंबू, मिरी, मीठ आणि थोडं तेल चोळून तासभर झाकून ठेवा. पपईतल्या पाचक रसाने मटण मऊ होतं, पण रात्रभर ठेवलंत तर वरचा भाग पिठासारखा होतो. उन्हाळा असेल तर फ्रिजमध्ये ठेवा.

भाजण्याआधी पपई निपटून काढा आणि काप स्वच्छ फडक्याने कोरडे टिपा. ओले काप तव्यावर शिजतात, पण खरपूस होत नाहीत. बिडाचा तवा चांगला तापवा. पाण्याचा थेंब नाचला पाहिजे. तेल सोडून एका वेळी दोन-तीनच काप टाका, गर्दी केली की पाणी सुटतं. मोठ्या आचेवर दोन्ही बाजू तीन-तीन मिनिटं भाजा. मग सगळे काप एकत्र करून दोन चमचे पाणी शिंपडा आणि झाकण ठेवून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं ठेवा. सुरी टोचून पाहा. सहज गेली आणि रस गुलाबी न येता स्वच्छ आला की झाले. नाहीतर आणखी पाच मिनिटं द्या. आपल्याकडे लहान मुलं आणि म्हातारी माणसं खाणार, तेव्हा आतून कच्चं ठेवण्याची हौस नको.

काप ताटलीत काढून पाच मिनिटं झाकून ठेवा, म्हणजे रस आतच मुरतो. तोवर त्याच तव्यात लोणी घालून कांदा परता, अर्धी वाटी पाणी आणि मिरपूड घालून आटवा. हे कापांवर ओता. उकडलेले बटाटे आणि गाजर सोबत द्या. आजोबांचे काप मी वाढण्याआधी पुन्हा आडवे, बारीक कापून दिले.

आणखी एक, सगळ्यांत महत्त्वाचं

डबी आली, मटण मऊ झालं, तरी सासऱ्यांचा हात उजव्या बाजूच्या त्याच दाढेकडे जायचा. म्हणून आम्ही त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन दाढांमध्ये कीड लागली होती आणि अन्न नेमकं तिथेच अडकत होतं. डॉक्टरांनी दाढ भरून दिली. ते म्हणाले, “रोज एकाच जागी अडकत असेल तर काडीने कोरत बसू नका, आधी दाखवा.” काडी हलक्या हाताने, वरवर फिरवायची. जोराने खुपसली तर हिरडीला जखम होते. सेफ्टी पिन आणि काड्यापेटीतली काडी तर अजिबात नको. दातांच्या फटींसाठी खास दोरा आणि बारीक ब्रश औषधांच्या दुकानात मिळतात. रात्रीचं दात घासणं मात्र कशानेच टळत नाही.

आता रविवारी डबी टेबलाच्या मधोमध असते. सासरे तोंडावर हात धरून काडी वापरतात आणि कुणी तिकडे पाहतही नाही. माझी सेफ्टी पिन बांगडीतच राहते.

पुढच्या वेळी पानं वाढाल तेव्हा कोण काय ‘नको’ म्हणतंय, तिकडे जरा लक्ष द्या. ते ‘नको’ नावडीचंच असेल असं नाही. एकदा जवळ बसून विचारा तर खरं!