मुदत संपलेला दाखला आणि मुका झालेला फोन

६ डिसेंबर २०१८ रोजी पहाटे ब्रिटनमध्ये ओटू या मोबाइल कंपनीच्या जाळ्यावरील सुमारे ३ कोटी २० लाख ग्राहकांचे इंटरनेट बंद पडले. लंडनच्या थांब्यांवरील, पुढची बस केव्हा येणार हे सांगणारे फलकही थांबले. त्याच दिवशी जपानमध्ये सॉफ्टबँक कंपनीचे फोन चार तासांहून अधिक काळ बंद होते. कुठे तार तुटली नव्हती की वीज गेली नव्हती. दोन्हीकडे एरिक्सन या स्वीडिश कंपनीची यंत्रणा होती आणि तिच्यातील एका प्रमाणपत्राची मुदत संपली होती. तारीख उलटली म्हणून फोन का थांबावेत, ते आपण पाहू.

ओळख पटवायची कशी?

आज अनेक कार्यालयांतील टेलिफोन आणि व्हिडिओ बैठका संगणकांच्या जाळ्यावरून चालतात. आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे करून ते पाठवले जातात, म्हणजे सेकंदाला ५० तुकडे. वाटेत कुणी ऐकू नये म्हणून ते सांकेतिक करतात. पण गुप्त बोलणे भलत्याशीच सुरू झाले तर गुप्ततेचा उपयोग काय? समोरचा सर्व्हर आपल्याच कार्यालयाचा आहे, ही खात्री फोनला आधी करून घ्यावी लागते.

आपल्याकडे परराज्यातून विद्यार्थी आला, तर त्याच्या दाखल्यावरची मुख्याध्यापकांची सही आपल्या ओळखीची नसते. म्हणून तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागितली जाते. सर्व्हरचे प्रमाणपत्रही असेच असते. त्यात सर्व्हरचे नाव, त्याची खुली किल्ली, मुदतीच्या दोन तारखा आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची सही असते. त्या संस्थेला तिच्यावरच्या संस्थेने प्रमाणित केलेले असते. साखळीच्या टोकाच्या मोजक्या संस्थांची यादी फोनमध्ये आधीच भरलेली असते.

सहीचे गणित

ही सही म्हणजे एक संख्या. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी शोधलेली रीत छोट्या आकड्यांनी फळ्यावर करून दाखवता येते. ३ आणि ११ या मूळ संख्यांचा गुणाकार ३३. खुली किल्ली ३, गुप्त किल्ली ७. समजा, मजकूर आहे ४. सही करणारा ४ चा सातवा घात काढतो: १६३८४. त्याला ३३ ने भागल्यावर बाकी १६ उरते. हीच सही. तपासणारा १६ चा घन करतो: ४०९६. ३३ ने भागल्यावर बाकी ४. मजकूर जुळला! कुणी मजकूर बदलून ५ केला, तर सही जुळणार नाही.

३३ चे अवयव पाडून ७ शोधणे सोपे आहे. प्रत्यक्षात मात्र त्या जागी ६१७ अंकी संख्या वापरतात. तिचे अवयव पाडणे आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेर आहे. सर्व्हरलाही आपली गुप्त किल्ली आपल्याकडे असल्याचे अशाच गणिताने सिद्ध करावे लागते. त्यामुळे नुसती प्रमाणपत्राची नक्कल चोराच्या कामाची नाही.

मुदत कशासाठी?

गुप्त किल्ली चोरीला जाऊ शकते. सही करणारी संस्थाही फसू शकते. २०११ मध्ये नेदरलँड्समधील डिजिनोटार या संस्थेत हल्लेखोर शिरले आणि त्यांनी पाचशेहून अधिक खोटी प्रमाणपत्रे तयार केली. त्यांपैकी गूगलच्या नावाचे प्रमाणपत्र इराणमधील लोकांवर पाळत ठेवण्यासाठी वापरले गेले. त्याच वर्षी ती संस्था दिवाळखोरीत निघाली. मुदत लहान असली, तर अशा चोरीचे नुकसानही थोडक्यात आटोपते. म्हणून इंटरनेटवर सर्वमान्य असलेल्या प्रमाणपत्रांची कमाल मुदत, जी २०२० पासून ३९८ दिवस होती, ती टप्प्याटप्प्याने घटवण्याचे २०२५ मध्ये ठरले: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १०० आणि २०२९ पासून ४७.

गोची कुठे होते?

संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रात खोट असेल तर ब्राउझर इशारा देतो, माणूस तो वाचतो. टेबलावरचा फोन बहुधा असे काही सांगत नाही. तो सर्व्हरशी जोडलाच जात नाही. शिवाय कार्यालयात एकच सर्व्हर नसतो. फोन जोडून देणारा, आत-बाहेरच्या सीमेवरचा, व्हिडिओ बैठकीचा, अशा प्रत्येकाला प्रमाणपत्र लागते. वीज गेल्यावर फोनचे घड्याळ जुन्या तारखेवर गेले, तर चांगले प्रमाणपत्रही त्याला 'अजून सुरू न झालेले' वाटते. नवे प्रमाणपत्र बसवूनही चालू प्रोग्रॅम जुनेच धरून बसतो, कारण तो पुन्हा सुरू केलेला नसतो.

मोठ्यांचीही यातून सुटका नाही. ३ फेब्रुवारी २०२० रोजी मायक्रोसॉफ्टची टीम्स ही संभाषणसेवा मुदत संपलेल्या प्रमाणपत्रामुळेच काही तास बंद पडली.

उपाय साधे आहेत. सर्व प्रमाणपत्रांची एक नोंदवही हवी: कोणत्या यंत्रावर, कोणत्या नावाचे, केव्हा संपणारे, जबाबदार कोण. महिनाभर आधी आठवण मिळायला हवी. आणि मुदत ४७ दिवसांवर येणार असेल, तर नूतनीकरण यंत्राकडेच सोपवायला हवे. लेट्स एनक्रिप्ट ही संस्था २०१५ पासून असे विनामूल्य करत आली आहे.

वर्गात संगणक असेल तर ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारच्या चिन्हावर टिचकी मारून दोन-तीन संकेतस्थळांची प्रमाणपत्रे मुलांना उघडू द्यावीत. सही कुणाची, मुदत किती, हे त्यांनीच वहीत उतरवावे. मग विचारावे: संगणकाची तारीख दहा वर्षे मागे नेली, तर काय होईल?