दप्तरातला पूर्वज

ऊसनोंदीसाठी वरवे बुद्रुकला गेलो, की सभासद बंधू पेटीतून सातबारा काढतात. खाली मोडी कागद असतात. "रद्दी आहे, साहेब!"

रद्दी कशी? आपल्याच भोर तालुक्यातल्या कारीचे कान्होजी जेधे १६५९ साली अफझलखान आला तेव्हा वतनावर पाणी सोडून पाच मुलांसह शिवरायांपाशी राहिले. घरच्या करिन्यात ते नोंदलेले आहे. जेधे शकावलीही त्याच घरची. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली. तिच्यात महाराजांची जन्मतिथी सापडली : फाल्गुन वद्य ३, शके १५५१.

आमच्या घरचा रुमाल मात्र वाळवीने खाल्ला. पणजोबा कोणत्या गडावर चाकरीला होते, आता कोण सांगणार? तेव्हा मंडळी, उसाइतकेच कागदही राखा. मोडी जाणकाराकडून वाचून घ्या.