दुसऱ्या मालकाची बॅटरी

सेकंड हॅण्ड गाडी बघायला गेलेला माणूस आधी विचारतो, "रनिंग किती झालंय?" मग बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतो, सायलेन्सरच्या टोकाशी बोट फिरवून काजळी बघतो. विजेच्या गाडीपुढे ही सगळी पारख निकामी होते. तिथे आवाज नाही, काजळी नाही, आणि रनिंगचा आकडाही अर्धीच हकिकत सांगतो. गाडीच्या किमतीतला सर्वांत मोठा वाटा असलेली बॅटरी तर फरशीखाली बंद पेटीत असते.

ब्रिटनमधल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात सध्या अशी एक गाडी सहज दिसते, एमजी-5. ही 'इस्टेट', म्हणजे छत थेट मागच्या दारापर्यंत नेलेली, ऐसपैस डिकीची लांब गाडी. पुण्यात तयार झालेली 1992 ची 'टाटा इस्टेट' ज्यांना आठवते, त्यांना आकार सांगायला नको. 2020 मध्ये एमजी-5 तिथे आली, तेव्हा विजेवरची इस्टेट जवळजवळ कुणीच विकत नव्हतं. पहिल्या गाडीत 52.5 युनिटची बॅटरी होती आणि अधिकृत पल्ला होता 214 मैल, म्हणजे सुमारे 344 किलोमीटर. पुढे 61.1 युनिटची बॅटरी आली आणि पल्ला 400 किलोमीटरवर गेला. संसारी माणसांबरोबर टॅक्सीवाल्यांनीही ती उचलली.

तरी गिऱ्हाईक बिचकतं ते नावापाशी. एमजी हे नाव ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसचं, शंभर वर्षांचं; पण 2005 मध्ये जुनी कंपनी बुडाली आणि नाव चीनमध्ये गेलं. आज ते शांघायच्या 'सैक' कंपनीकडे आहे. पाटी जुनी, दुकानदार नवा. अशा ब्रँडची गाडी दुसऱ्या हाताने घ्यावी का? याचं निम्मं उत्तर रसायनशास्त्रात आहे.

लिथियम-आयन बॅटरी पहिल्यांदा चार्ज होते, त्याच वेळी तिच्या आत एक पापुद्रा धरतो. एका बाजूला ग्राफाइट, भोवती द्रावण. दोन्ही भिडतात तिथे द्रावणाचा थोडा भाग विघटित होऊन ग्राफाइटवर बसतो. जाडी काही नॅनोमीटरपासून काही दशक नॅनोमीटरपर्यंत. इस्रायली रसायनशास्त्रज्ञ इमॅन्युएल पेलेड यांनी 1979 मध्ये या थराचं स्वरूप उलगडून दाखवलं. दुधावर साय धरावी तसाच हा प्रकार. ही साय नसती तर द्रावण सडतच राहिलं असतं. पण ती धरताना थोडं लिथियम कायमचं अडकतं, आणि तेवढी बॅटरीची क्षमता घटते.

साय जाड होत जाते तसा द्रावणाचा ग्राफाइटशी संपर्क अवघड होतो, आणि साय धरण्याचा वेग मंदावतो. ढोबळ हिशेबाने ही घट काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होते. पहिल्या वर्षात 2 टक्के क्षमता गेली, तर एकूण 4 टक्के जायला चार वर्षं लागतात आणि 6 टक्क्यांना नऊ. गाडीची किंमतही पहिल्या दोन-तीन वर्षांतच सर्वाधिक कोसळते. म्हणजे दोन्ही उतार पहिला मालक उतरून जातो. दुसऱ्याच्या वाट्याला त्यामानाने सपाट रस्ता येतो.

अर्थात गाडी कशी वापरली, यावर बरंच ठरतं. उष्णतेने साय भराभर वाढते. बॅटरी शंभर टक्के भरून दिवसेंदिवस उभी ठेवली तरी तेच. कडाक्याच्या थंडीत बॅटरी गरम न करता जलद चार्जिंग केलं, तर लिथियम आत शिरण्याऐवजी ग्राफाइटवर धातू होऊन बसतं. म्हणून कमी रनिंगची, पण सदा तुडुंब भरून उभी ठेवलेली गाडी, लाखभर किलोमीटर नेमाने पळालेल्या गाडीपेक्षा थकलेली निघू शकते. ब्रिटनचा उन्हाळा सौम्य. नागपूरच्या मे महिन्यात उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीला हाच हिशेब अधिक कडक लागू होतो.

मग पारख कशी करायची? गाडीच्या निदान-सॉकेटला यंत्र जोडून बॅटरीचं 'आरोग्य' टक्क्यांत वाचता येतं. पण तो गाडीच्याच संगणकाचा अंदाज असतो. पडताळा घरच्या प्लगवर मिळतो. समजा, नवी असताना बॅटरीत वापरायला 50 युनिट मिळत होते. ती 20 टक्क्यांवरून 80 टक्क्यांपर्यंत चार्ज केली आणि मीटरवर 31 युनिट पडले. चार्जिंगमध्ये सुमारे दहा टक्के वाया जातात, म्हणजे आत पोचले 28. हे साठ टक्क्यांचं माप. पूर्ण बॅटरीचं झालं साडेशेहेचाळीस. नव्याच्या 93 टक्के. आकडा ढोबळ आहे, पण 93 ऐवजी 75 आला तर इसार देण्यापूर्वी थांबायला तेवढा पुरे.

उरलेलं निम्मं उत्तर कागदपत्रांत असतं. सायीला ब्रँड कळत नाही. पाटी कुणाचीही असो, रसायन तेच. नव्या ब्रँडची खरी जोखीम पेटीबाहेर आहे: सुटे भाग किती दिवसांत येतात, जवळचं सर्व्हिस सेंटर किती लांब, सॉफ्टवेअर अद्ययावत केलंय का. एमजीने ब्रिटनमध्ये 7 वर्षं किंवा 80,000 मैलांची वॉरंटी दिली आणि ती नव्या मालकाकडेही जाते. म्हणून 80,000 मैल झाले नसतील, तर 2021 ची गाडी घेणाऱ्याच्या हाती 2028 पर्यंतचा आधार राहतो. गाडी टॅक्सी म्हणून फिरलेली असेल, तर मात्र अटी आधी वाचायच्या.

"रनिंग किती?" हा प्रश्न विचारायला हरकत नाहीच. त्याच्या जोडीला आणखी एक विचारावा: "गाडी रात्री कुठे उभी असायची, आणि किती भरून?"