‘ऑन’ म्हणजे नुसतं ‘वर’ नव्हे



‘आमचं हातावर पोट आहे’ असं आपण सहज म्हणतो. ते ऐकून कुणी हाताकडे बघत नाही. इंग्रजीतल्या ‘ऑन’चंही तसंच आहे. ऑन म्हणजे वर, एवढं आपण शाळेत शिकलो. पण पुढचा शब्द बदलला की अर्थही बदलतो.

‘ऑन ड्यूटी’ म्हणजे कामावर, ‘ऑन लीव्ह’ म्हणजे रजेवर. इथं आपला ‘वर’ चालतो. पण ‘ऑन टाइम’ म्हणजे ठरल्या वेळेला. रक्त तपासायच्या चिठ्ठीवर ‘ऑन एम्प्टी स्टमक’ असेल, तर उपाशीपोटी जायचं. हॉटेलवाला म्हणाला, ‘चहा ऑन द हाउस’, तर चहाचे पैसे द्यायचे नाहीत, तो हॉटेलतर्फे. आणि अर्ज ‘ऑन होल्ड’ आहे, म्हणजे नाकारलेला नाही, तूर्त थांबवलाय. कोणत्या कागदासाठी थांबलाय, ते तिथंच विचारून घ्यायचं.

आता आपल्या गटाच्या कामाचे दोन शब्दप्रयोग बघू.

पहिला, ‘ऑन डिमांड’. कर्ज घेताना वचनचिठ्ठीवर हे शब्द असतात. अर्थ असा, की पैसे मागितले की द्यायचे. चेक आणि वचनचिठ्ठ्यांचा १८८१ सालचा कायदा आहे. त्यानुसार, वचनचिठ्ठीत मुदतच लिहिली नसेल, तर तीही ‘ऑन डिमांड’च धरतात. म्हणून हप्ते तोंडी ठरले असतील, तर ते कोणत्या कागदावर लिहिलेत, हे सहीआधी बघायचं.

दुसरा, ‘ऑन बिहाफ ऑफ’, म्हणजे ‘च्या वतीने’. अध्यक्ष किंवा सचिव गटासाठी सही करते, तेव्हा गटाच्या नावाआधी हे शब्द हवेत. त्याच कायद्यात म्हटलंय, की दुसऱ्याच्या वतीने सही करतोय हे न दाखवता वचनचिठ्ठीवर किंवा चेकवर सही केली, तर देणं सही करणाऱ्यावर येऊ शकतं. म्हणजे कर्ज गटाचं आणि तगादा एकट्या सचिवताईंच्या दारात!

तेव्हा येत्या बैठकीत गटाची फाइल उघडूया. जिथं ‘ऑन’ दिसेल, तिथं पेन्सिलीनं खूण करूया. अर्थ लागला नाही, तर बँकेच्या साहेबांना मराठीत विचारूया. विचारण्यात कमीपणा कसला? सही आपली आहे, तर अर्थही आपल्याला कळायला हवा.