उंदरांचा ल्युकेमिया: वारसा की संसर्ग?

एकेआर वाणाच्या उंदरांपैकी बहुतेक वर्षभरात ल्युकेमियाने मरतात. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा आजार आनुवंशिकच असणार, त्यात विषाणूचा काय संबंध, असा समज बराच काळ होता. 1951 मध्ये लुडविक ग्रॉस यांनी न्यूयॉर्कमध्ये अशा आजारी उंदरांचा, पेशी काढून टाकलेला अर्क सी3एच वाणाच्या नवजात पिलांना टोचला. या वाणात ल्युकेमिया क्वचितच होतो, तरी ती पिले मोठी झाल्यावर त्यांना तो झाला. म्हणजे अर्कातला विषाणूच आजार घडवत होता. मग ‘आनुवंशिक’ म्हणणारे चुकले का? नाही. हा विषाणू रेट्रोव्हायरस आहे; तो आपल्या आरएनएची डीएनए प्रत करून ती पेशीच्या गुणसूत्रात बसवतो. प्रजननपेशीत बसलेली प्रत पुढच्या पिढीला जन्मतःच मिळते. एकेआर उंदरांना वारशाने मिळतो तो विषाणूच.

दुसरा गैरसमज असा, की विषाणू कर्करोगाचे जनुक सोबत आणतो आणि लगेच आजार होतो. एबल्सन विषाणूसारखे थोडे अपवाद सोडले, तर या विषाणूंकडे तसे जनुक नसते. एकेआरमध्ये वारशाने आलेल्या विषाणूचा आधी गुणसूत्रांतल्या इतर विषाणू-अवशेषांशी संकर होतो आणि थायमस ग्रंथीत नवा प्रकार तयार होतो. थायमस वेळीच काढली तर बहुतेक उंदीर ल्युकेमियापासून वाचतात, हे 1944 मध्येच दिसले होते. हा नवा विषाणू असंख्य पेशींत कुठेही शिरतो. त्यांतल्या एखाद्या पेशीत तो ‘मिक’ किंवा ‘पिम1’ या पेशीच्या वाढीला चालना देणाऱ्या जनुकाशेजारी बसतो आणि विषाणूच्या टोकाचा डीएनए ते जनुक वाजवीपेक्षा जास्त चालू ठेवतो. मग पेशीची वाढ आवरत नाही.

पण विषाणू तिथे योगायोगानेच सापडत असेल, तर? ही शंका रास्त आहे. मात्र वेगवेगळ्या उंदरांच्या गाठींत पुन्हापुन्हा त्याच जनुकांशेजारी विषाणू सापडतो, आणि एका गाठीतल्या पेशींत त्याची जागा एकच असते. म्हणजे तो गाठ वाढण्याआधीच तिथे बसला होता. तरीही हा एकच धक्का पुरत नाही. पिम1 अतिरिक्त चालू ठेवलेल्या उंदरांपैकी थोड्यांनाच आपोआप ल्युकेमिया होतो. अशा उंदरांना विषाणू टोचला की ल्युकेमिया लवकर आणि जवळजवळ सर्वांना होतो.

हे उंदरांपुरतेच आहे असे मानणेही चूक. पॅरिसमध्ये जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांवर जनुकोपचार करताना, उंदरांच्या मोलोनी विषाणूपासून बनवलेला, स्वतःची वाढ न करू शकणारा वाहक जनुक पेशीत नेण्यासाठी वापरला गेला. त्यांतल्या काही मुलांना पुढे ल्युकेमिया झाला. त्यांच्यापैकी काहींच्या पेशींत वाहक एलएमओ2 या ल्युकेमियाशी संबंधित जनुकाजवळ बसला होता. त्यानंतर अशा वाहकांच्या टोकांवरचा, शेजारचे जनुक चेतवणारा भाग काढून टाकण्यात आला.